झालं म्हटल्यावर

३ जानेवारी

आजपासून रोजनिशी. आर्ट गॅलरीच्या बाई म्हणाल्या, प्रत्येक कलावंताने आपली प्रक्रिया टिपून ठेवावी, पुढे अभ्यासकांना उपयोगी पडते. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "कुठले अभ्यासक?" अशा प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं.

अभ्यासकांसाठी थोडक्यात: माझा फोटो स्टुडिओ आहे, बाबांनी काढलेला. ओळखपत्राचे फोटो, शाळांचे ग्रुप, साखरपुड्याआधी पाठवायचे फोटो. आयुष्यभर मी लोकांना "हनुवटी खाली, खांदे सैल, इकडे बघा" एवढंच सांगत आलो. पन्नाशी उलटली तरी रस्त्याने जाताना लोक म्हणतात, "तो बघ, पासपोर्ट फोटोवाला चाललाय." आता बास झालं.

मला सापडलं ते असं. गेल्या महिन्यात पहिलवान आला होता. आमच्या रस्त्याच्या टोकाला व्यायामशाळा चालवतो तो. जाहिरातीसाठी फोटो हवा होता. छाती पुढे, पोट आत, जबडा घट्ट. मी बटण दाबलं, "झालं" म्हणालो, आणि चुकून बोट पुन्हा दाबलं गेलं. त्या दुसऱ्या फोटोत पोट परत आलेलं आहे. नुसतं पोटच नाही, सगळा माणूसच परत आलाय, दमलेला, जरा बावळट आणि फार चांगला. मी तो फोटो कितीतरी वेळ बघत बसलो.

तेव्हा कल्पना अशी की प्रत्येक माणसाचे दोन फोटो शेजारीशेजारी लावायचे. एक "झालं" म्हणायच्या आधीचा, एक नंतरचा. पहिला समाजासाठी, दुसरा खरा. प्रदर्शनाचं नाव "दर्शनी भाग". गॅलरीच्या बाई स्वतःच्या ओळखपत्राचा फोटो काढायला आल्या होत्या, त्यांना पहिलवान दाखवला. त्या खुर्चीतून उठल्याच. मार्चमध्ये तारीख दिली.

गंमत म्हणजे बाबांची सवय बरोबर उलटी होती. ते आधी लेन्सवर झाकण बसवायचे आणि मग गिऱ्हाईकाकडे बघून "झालं" म्हणायचे. कधी चुकले नाहीत. मला वाटतं धुळीमुळे, तेव्हाच्या लेन्सा जपाव्या लागायच्या. माझ्या कॅमेऱ्याला धुळीचा त्रास नाही.

९ जानेवारी

कलावंताने कलावंतासारखं दिसलंही पाहिजे. काळे शर्ट घेतले, दाढी वाढवायला घेतली. केस काळे करणं बंद. जो माणूस लोकांचे मुखवटे उतरवणार, त्याने स्वतः रंग लावून फिरणं बरं दिसत नाही.

१५ जानेवारी

दाढी भलतीच आली. हनुवटीवर पांढरी, गालांवर काळी, मिशीच्या एका टोकाला चक्क तांबूस. मी आरशासमोर उभा असताना बायको मागून म्हणाली, "रंग लावून एकसारखी करून घ्या." टोमणा होता. पण विचार केला तर मुद्दा बरोबर आहे. करडा रंग आणला. आता दाढी नैसर्गिक दिसते.

१९ जानेवारी

मुख्याध्यापिकाबाईंना बोलावलं. या बाई शाळेच्या जिन्यात दिसल्या तर वरच्या मजल्यावरची मुलं गप्प होतात. स्टुलावर अशा बसल्या की माझीच पाठ ताठ झाली. मला म्हणाल्या, "शर्टाचं वरचं बटण लावा." मी लावलं.

"झालं," म्हणालो आणि पुन्हा बटण दाबलं. नंतर स्क्रीनवर बघतो तर बाईंनी गाल फुगवून डोळे तिरळे केले होते. आधी वाटलं कॅमेरा बिघडला. मग लक्षात आलं की त्या माझ्या काळ्या शर्टाची नक्कल करत होत्या. म्हणजे शर्टातल्या माणसाची.

फोटो उत्तम आहे. शाळेतली मुलं बघतील तेव्हा काय होईल, हा माझा विषय नाही.

२४ जानेवारी

आज जोडपं. दोघं नवरा-बायको लोकांचे संसार सांधून देतात, त्यांच्या पाटीवर तसं लिहिलंय. वर्तमानपत्रातल्या सदरात त्यांचा फोटो असतो, डोक्याला डोकं लावलेला. तसाच काढला. "झालं" म्हटल्याबरोबर दोघं बाकाच्या दोन टोकांना सरकले. ती म्हणाली, "तोंडाला वास येतोय तुमच्या." तो म्हणाला, "मग नाक त्या बाजूला कर." दुसऱ्या फोटोत मधे एवढी जागा आहे की तिसरा माणूस आरामात बसेल.

संध्याकाळी बायको संगणकावर फोटो बघत होती. स्टुडिओतलं डाग पुसण्याचं काम तीच करते, म्हणजे पुटकुळ्या, जखमांचे वण, डोळ्यांखालचं काळं. मी म्हटलं, "यातलं काही पुसायचं नाही. खरं आहे तसं ठेवायचं."

ती म्हणाली, "त्यांना विचारलंत?"

"विचारलं तर कला कशी होणार? फोटो काढायला ते आपल्या पायांनी आले, मी फोटो काढले."

"ते 'झालं'पर्यंत आले होते," ती म्हणाली आणि चष्मा पुसत बसली.

तिला हेवा वाटतो असं मला वाटतं. स्वाभाविक आहे. इतकी वर्षं आम्ही एकाच पातळीवर होतो.

२ फेब्रुवारी

दादा येऊन गेला. मी बोलावलं नव्हतं, पहिलवानाने त्याला सांगितलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, बँकेतून निवृत्त. आमच्या नात्यात कुठे रुसवाफुगवी झाली की दादाला बोलावतात, तो आला की लोक भांडायचं विसरतात. वहिनी गेली त्याला आता दोन वर्षं होतील, पण दादा दादाच आहे. दारातून आत येतो न येतो तोच ओळखपत्राच्या फोटोंची भिंत बघून म्हणाला, "हे सगळे अजून फरार आहेत का?" बायको खो खो हसली.

मग स्टुलावर बसला. माझ्या दाढीला म्हणाला, "ही कुणाची? परत करायची आहे का?" मी बटण दाबलं तेव्हा स्वतःच्याच विनोदावर हसत होता. फोटो छानच आला. म्हणालो, "झालं." आणि दुसरा घेतला.

या फोटोचं वर्णन कसं करू ते कळत नाही. दादा दाराकडे बघत होता. दारात कुणी नव्हतं. आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काहीच उरलेलं नव्हतं. भाडेकरू सामान घेऊन गेल्यावर खोली दिसते तसा. डाव्या खिडकीतून मऊ प्रकाश, गालाच्या हाडाखाली सावली, डोळ्यांत बारीकसा ठिपका. एवढ्या वर्षांत असा फोटो माझ्या हातून उतरला नव्हता.

दादा म्हणाला, "चहा घेतोस का? म्हणजे मी देतो, समोर."

"दादा, आज नको. फाईली उतरवायच्या आहेत."

"बरं बरं," म्हणाला. तरी बराच वेळ बाकावर बसून राहिला. भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. त्यात वाचण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही, गेल्या वर्षीचं आहे.

३ फेब्रुवारी

बायकोने दादाचा फोटो बघितला. माउसवरचा हात काढून घेतला.

म्हणाली, "दादांना फोन करा."

"कशाला? फोटो नीट आलाय."

"फोटोसाठी नाही हो."

मग कशासाठी, तर ते सांगितलं नाही, भांडी घासायला गेली. या बाईचं बोलणं नेहमी अर्धं असतं, उरलेलं आपण ओळखायचं.

६ फेब्रुवारी

गॅलरीच्या बाईंनी दादाचा फोटो बघितला आणि खुर्चीत मागे टेकल्या. मग म्हणाल्या, "हा समोरच्या भिंतीवर. पाच फुटी. बाकीचे सगळे त्याच्या बाजूने." शिवाय म्हणाल्या, "हे छायाचित्र तुम्हाला खूप पुढे घेऊन जाईल."

येताना पाय जमिनीवर नव्हते. वाटेत पहिलवान भेटला, "काय पासपोर्ट, कुठे?" म्हणाला. मी नुसता हसलो. अजून थोडे दिवस म्हण बाबा.

१२ फेब्रुवारी

दादाला प्रदर्शनात फोटो लागणार हे सांगितलं आणि चूक केली. रोज फोन. सोमवारी: कोट शिवायला टाकू का? मंगळवारी: कोट टाकलाय, करडा की निळा? बुधवारी: सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना आणलं तर चालेल ना? आज: त्यांच्या घरच्यांनाही आणलं तर?

मी म्हटलं, "अरे, माझ्या कामाच्या वेळेत फोन करत जाऊ नकोस."

"मग कधी करू?"

मी म्हटलं, "कधीही कर, पण कामाच्या वेळेत नको." तो हसला. म्हणाला, "सकाळी फिरून आलो की मग काही नसतं रे, म्हणून करतो."

माणसाने निवृत्तीनंतर काहीतरी छंद लावून घ्यावा. मी त्याला सुचवणार आहे.

१७ फेब्रुवारी

बाईंना कलावंताचंही छायाचित्र हवंय. आज स्वतःचाच फोटो, याच पद्धतीने. कॅमेऱ्याला आपोआप काढायला लावलं, स्टुलावर बसलो, गंभीर झालो. मग मोठ्याने म्हणालो, "झालं." आणि चेहरा उतरायची वाट बघितली.

उतरला नाही. पुन्हा केलं. पुन्हा "झालं". सबंध दुपार गेली. मधेच बायको डोकावली, "कुणाशी बोलताय?" म्हणाली. "कुणाशी नाही," म्हणालो. म्हणाली, "मग झालं का?" मी म्हटलं, "तेच तर होत नाही."

सगळे फोटो शेजारीशेजारी ठेवून बघितले. पहिला आणि दुसरा अगदी सारखे. दोन्हींत मी दूरवर कुठेतरी बघतोय, हनुवटीखाली दोन बोटं. निष्कर्ष निघायचा तो निघालाच. मी मुळात मुखवटा घालतच नाही. प्रदर्शनातला मी एकच असा माणूस असेन. बाईंना हे सांगितलं तर त्यांनी खोकल्यासारखं केलं.

२१ फेब्रुवारी

भांडण. छापायला द्यायच्या फाईली बायको तयार करते. बाकीच्या केल्या, दादाची केली नाही.

"ही मी करणार नाही."

"का?"

"तुम्हीच करा. हात आहेत ना?"

केली. काही अवघड नव्हतं. पाच फुटांवर चेहऱ्याची एकेक सुरकुती येते, ते बघताना मात्र दोनदा स्क्रीनवरून नजर काढली. ती कलेची ताकद. बायको रात्री जेवताना नुसती "वाढू का" एवढंच बोलली.

२६ फेब्रुवारी

दादा कोट घालून स्टुडिओत आला. निळा. दोन्ही हात पसरून गिरकी घेतली. "कसा दिसतो? खरं सांग. मागून पण बघ." बायकोने कॉलरवरचा धागा काढला, म्हणाली, "नवरदेव दिसताय." दादा म्हणाला, "मग काढ फोटो, पाठवू कुठेतरी," आणि तिघंही हसलो.

मग विचारलं, "माझा कुठला लावतोयस? दाखव की."

"तिथेच बघ. आधी दाखवला तर मजा जाईल."

"बरं बरं. पण बरा आलाय ना? नाही म्हणजे, सगळ्यांना सांगून बसलोय. ज्यांना कित्येक महिन्यांत फोन केला नव्हता त्यांनाही केला. निमित्त मिळालं बघ. नुसताच फोन करायचा तर काय बोलायचं, सुचत नाही."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळत होतो. पट्टा गुंडाळलेलाच होता.

म्हणालो, "फार चांगला आलाय, दादा." हे खोटं नाही.

४ मार्च

आज सगळं सविस्तर लिहितो, अभ्यासक गेले खड्ड्यात.

सकाळी गॅलरीत फोटो टांगायला गेलो. परवा उद्घाटन. बाकीचे झाले, शेवटी दादा. गॅलरीतल्या माणसाने आणि मी मिळून चढवला, तो चहाला गेला, आणि मी शिडीवर राहिलो, फोटो सरळ करायला. शिडीवर मी आणि समोर दादा, नाकासमोर नाक. इतक्या जवळून मी त्याला कधी बघितलं नव्हतं. खिडक्या बंद, आत घामाच्या धारा.

बायको डबा घेऊन आली. गॅलरीच्या बाईंनी तिच्या हातात माझा कॅमेरा दिला, "कलावंत काम करताना" असा एक फोटो हवा म्हणून, आणि फोनवर बोलत बाहेर गेल्या.

बायको म्हणाली, "इकडे बघा."

मी बघितलं. एक हात चौकटीवर, नजर दूर.

"हं. झालं."

मी परत फोटोकडे वळलो. म्हटलं, "उंची बरोबर आहे का बघ."

ती म्हणाली, "वहिनी गेल्या त्या दिवशी आठवतं? दादा सगळ्यांना चहा देत होते. तुमच्या मामांना हसवत होते. मी आणखी कप आणायला स्वयंपाकघरात गेले तर आत दादा एकटे होते, ओट्याला टेकून. हाच चेहरा. मी कप न घेता बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. तोच आज बघतेय, पाच फुटी."

मी त्याच्या डोळ्यांतला तो ठिपका बघत होतो. तो प्रकाशाचा ठिपका नव्हता, पाणी होतं. मी तेवढा जवळ होतो म्हणून कळलं.

मग खालून, भिंतीच्या बाजूने बटणाचा आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

उतरलो. तिने स्क्रीन पुढे धरली. शिडीवर एक म्हातारा होत चाललेला माणूस चौकट गच्च पकडून उभा होता. घामाने दाढीचा करडा रंग उतरून कॉलरवर आलेला, दाढी तीन रंगांची. तोंड किंचित उघडं. लहान मूल बाजारात हरवलं की उभं राहतं तसं. आणि मागे दादाचा चेहरा. दोघं सख्खे भाऊ आहेत हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"पुसून टाक हा."

"कशाला? फोटो नीट आलाय."

"मला विचारलंस का?"

"विचारलं तर कला कशी होणार?" ती म्हणाली आणि डबा उघडला.

जेवण गेलं नाही. तिने माझ्या वाटचं पण खाल्लं.

मग मी शिडीवर चढलो आणि दादाला खाली घेतलं. एकट्याने. खाली आणेपर्यंत दोनदा वाटलं की दोघं पडणार. बायको शिडी धरून उभी होती. गॅलरीच्या बाई आत आल्या आणि किंचाळल्याच. "तो फोटो म्हणजे सगळं प्रदर्शन आहे," म्हणाल्या. "तो गेला तर तुमच्याकडे राहतं काय? पोट सुटलेला एक माणूस?" मला सगळं कळत होतं. त्या फोटोमुळे मी पासपोर्टवाला राहिलो नसतो. तेही कळत होतं आणि अजूनही जीव जळतोय.

मी म्हटलं, "भिंत रिकामी ठेवणार नाही. दुसरा देतो." आणि बायकोने दाखवलेला तो फोटो छापायला पाठवला. पाच फुटी. छापणाऱ्याने फोन करून विचारलं, "दाढीवर डाग पडलेत, काढू का?" नको म्हटलं.

५ मार्च

आज बाकीच्यांना बोलवून त्यांचे दुसरे फोटो दाखवले. "झालं" नंतरचं त्यांचं आहे, ते त्यांना विचारून लावायचं.

पहिलवान स्वतःच्या पोटाकडे बघत राहिला. मला वाटलं आता उचलून आपटतो. म्हणाला, "हे माझं?" मी हो म्हटलं. म्हणाला, "लाव. लोकांना वाटेल, याला जमलं नाही तर आपल्यालाही जायला हरकत नाही. पण खाली व्यायामशाळेचा पत्ता टाक."

मुख्याध्यापिकाबाईंनी जवळ घेऊन बघितला. मग म्हणाल्या, "पहिला काढून टाका. दुसराच लावा. दोन वर्षांनी निवृत्त होते आहे, मुलांना कळू दे काय हुकलं त्यांचं." आणि जाताना, "बटण."

जोडप्याचं घोडं अडलं. ती म्हणाली, दुसरा लावायचा नाही. तो म्हणाला, लावायचा. मग तो म्हणाला, नको, आणि ती म्हणाली, आता लावाच. माझ्यासमोर त्यांचं जे सुरू झालं ते मी लिहीत नाही. शेवटी पहिल्यांदाच एकमत झालं की माझ्यासारखा नालायक फोटोवाला नाही. दोन्ही फोटो काढून घेतले. हातात हात घालून गेले, खरंच.

संध्याकाळी बायको म्हणाली, "दाढी?" मी आरशात बघितलं. काढून टाकली.

६ मार्च

उद्घाटन. दादा निळ्या कोटात आला आणि मागून फिरायला येणारी सगळी मंडळी, त्यांच्या बायका, एक आजोबा खुर्चीसकट. अर्धी गॅलरी त्यांचीच. दादा दारातूनच ओरडला, "माझा कुठला?"

त्याचा हसरा फोटो उजव्या भिंतीवर होता, एकटाच. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मला हायसं वाटलं आणि तेवढ्यात दादा म्हणाला, "अरे, पण पहिलवानाचे तर दोन आहेत. माझा दुसरा कुठे?"

बायको माझ्या शेजारी होती. मी म्हटलं, "तुझा दुसरा काढलाच नाही असं समज."

दादाने एक क्षण माझ्याकडे बघितलं. तेवढाच एक क्षण. मग मंडळींकडे वळून म्हणाला, "ऐकलंत? आपला एकच! आतून-बाहेरून सारखा माणूस." सगळे हसले. वर्तमानपत्राचा माणूस तिथे होता, त्याने ते लिहूनही घेतलं.

मग मंडळी समोरच्या भिंतीशी गेली. तिथे मी दोनदा. डावीकडे हनुवटीखाली दोन बोटं, उजवीकडे शिडीवर पाच फुटी. बायको म्हणाली होती, मागचं छापताना कापून टाकू, म्हणून फक्त मीच होतो. पहिलवान म्हणाला, "अरे, हा तर पासपोर्ट." मला अजिबात वाईट वाटलं नाही, म्हणजे थोडंच वाटलं.

दादा एकटा बराच वेळ तिथे उभा राहिला. विनोद केला नाही. मी जवळ गेलो तर हळू आवाजात म्हणाला, "कुणाकडे बघत होतास रे, असा?"

मी म्हटलं, "तुझ्याकडे."

त्याने माझा खांदा दाबला आणि मंडळींना चहा मिळतोय का बघायला गेला.

८ मार्च

वर्तमानपत्रात आलं. माझं नाव दोनदा चुकलंय. लिहिलंय की प्रदर्शनातलं सर्वांत विचार करायला लावणारं छायाचित्र म्हणजे उजव्या भिंतीवरचे हसरे गृहस्थ, ज्यांना दुसरा चेहराच नाही. बायको वाचून हसली नाही, मीही नाही. गॅलरीच्या बाईंचा फोन आला नाही. आता येणारही नाही असं दिसतं.

१४ मार्च

दादा ओळखपत्राचा फोटो काढायला आला. फिरायला येणाऱ्या मंडळींबरोबर सहलीला जायचंय. निळा कोट घालूनच आला होता.

म्हटलं, "दादा, ओळखपत्राला हसायचं नसतं. सरळ बघ."

"मग काय करू?"

"काही करू नकोस."

प्रयत्न केला बिचाऱ्याने. ओठ मिटायचा, की गाल हलायचे. गाल धरायचा, की डोळे हसायचे. "मला हे येत नाही रे," म्हणाला. शेवटी जसा होता तसा घेतला.

मग मी खणातून लेन्सचं झाकण काढलं. बसवलं. त्यानंतर त्याच्याकडे बघून म्हणालो, "झालं."

आणि दादाने दाराकडे बघितलं. या वेळी मीही बघितलं. तिथे वहिनी उभी राहायची. इतकी वर्षं, दादाचा फोटो म्हटला की ती दारात उभी, आणि "झालं" म्हटलं की आत येऊन म्हणायची, "टाय वाकडाच आहे, परत काढा." मला हे माहीत होतं. मी प्रत्येक वेळी परत काढला होता.

मी स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी बसलो. त्याचा चेहरा उतरलेलाच होता आणि त्याने तो उचलला नाही. बायकोने बाहेरच्या दाराला "बंद" ची पाटी लावली आणि आतल्या खोलीत गेली.

बऱ्याच वेळाने दादा म्हणाला, "फार शांत असतं रे घर."

मी म्हटलं, "हं."

आणखी थोड्या वेळाने मी म्हटलं, "चहा घेतोस का? म्हणजे मी देतो, समोर."

"फाईली उतरवायच्या नाहीत?"

"नाहीत."

चहाला गेलो. दोन-दोन कप घेतले, दुसऱ्यांदा त्याने पैसे देऊ दिले नाहीत. परत येऊन फोटो बघितला तर हसराच आलाय, ओळखपत्राला चालणार नाही. दादाला तसं सांगितलं. उद्या परत यावं लागेल, म्हटलं. तुझं हे असं असेल तर परवाही लागेल.